पिशव्या कोण सांभाळणार?

गेल्या डिसेंबरात आम्ही सहा मैत्रिणी एका चकाचक थीम पार्कला गेलो होतो. सगळ्या तिशीच्या उंबरठ्यावर, सगळ्यांच्या मानेला लॅपटॉपने आणलेलं दुखणं, आणि सगळ्यांच्या अंगात त्या दिवसापुरता दहावीतला उत्साह. गेटमधून आत शिरल्या शिरल्या समोर पहिली रोलर कोस्टर आली आणि तिच्यासोबत पहिला प्रश्नही. पिशव्या कोण सांभाळणार? सहा सॅक, सहा मोबाइल, दोन चष्मे, एक पॉवर बँक आणि एकीचं ईएमआयवर घेतलेलं स्मार्टवॉच. क्षणभर सगळ्या एकमेकींकडे नुसत्या बघत राहिलो. मग कुणाला तरी पाटी दिसली. लॉकर! पैसे भरले, किल्लीचा पट्टा मनगटात अडकवला, विषय संपला.

विषय संपला खरा, पण मी रांगेत उभ्या उभ्या थेट गोराईला जाऊन पोचले. कारण आमच्या घरात या प्रश्नाला कधी लॉकर लागलाच नाही. आमच्याकडे आई होती.

गोराई म्हटल्यावर तुमच्या डोक्यात लगेच ती जिंगल वाजायला लागली असेल. घरी जायला साफ नकार देणाऱ्या पोराची. एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, म्हणजे माझ्याही जन्माआधी, पण त्या जाहिरातीने पुढची वीसेक वर्षं आमच्यासारख्या मुलांच्या आईबापांना छळलं. त्याआधी मुंबईच्या पोरांची मजल फार तर राणीच्या बागेतल्या हत्तीपर्यंत किंवा मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटापर्यंत. बूट आम्हीही पाहिला होता. त्यात चढायचं, वरच्या खिडकीतून हात हलवायचा आणि खाली यायचं. छानच आहे तो. पण बूट हलत नाही हो! एस्सेल वर्ल्डमध्ये सगळं हलायचं.

आम्ही बोरिवलीचे. म्हणजे ऑटोने गोराईच्या जेट्टीपर्यंत गेलं की समोर खाडी आणि पलीकडे स्वर्ग. इतक्या जवळ राहून आम्ही वर्षातून एकदाच जायचो, मे महिन्यात, बाबांच्या पगारानंतरच्या पहिल्या सुट्टीला. आदल्या रात्री झोप नाही. सकाळी आई गूळ-तूप लावलेल्या पोळ्यांच्या गुंडाळ्या करायची आणि त्या बोटीतच संपवायचा तिचा हुकूम असायचा. बोटीला डिझेलचा आणि सुक्या मासळीचा मिळून एक वास होता. आजही तो कुठे आला की माझ्या पोटात आनंदाने गोळा येतो. ओहोटी असली की तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या उड्या मारताना दिसायच्या. आणि पलीकडच्या किनाऱ्यावर पॅगोडाचं बांधकाम चालू असायचं. दर वर्षी घुमट थोडा आणखी वर आलेला. माझा भाऊ त्याला ‘सगळ्यांत मोठी राईड’ समजायचा आणि ती कधी सुरू होणार म्हणून बाबांचं डोकं खायचा. २००९ साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा आत आठ हजार माणसं शांत बसून ध्यान करणार आहेत हे कळल्यावर त्याचा जो चेहरा झाला, तो मी विसरूच शकत नाही.

तर मुद्दा असा, की एस्सेल वर्ल्डच्या आठवणी निघाल्या की लोक मोठ्या राईड्सबद्दल बोलतात. झिपर डिपर, हूला लूप, कोण कुठे ओकलं, कुणाची चप्पल कुठे उडाली. मला मात्र आठवतो तो लहान मुलांचा भाग. आज बघितला तर तुम्हाला हसू येईल इतका साधा. ना थ्रीडी, ना साउंड इफेक्ट. लोखंड, फायबर, ऑइलपेंट आणि एक कंटाळलेला काका, जो शिट्टी वाजवून खटका ओढायचा. एक सुरवंट होता, हिरवा, हसऱ्या तोंडाचा. तो वाकड्यातिकड्या रुळांवरून वर-खाली होत गोल फिरायचा. कपबशा होत्या. छोटी विमानं होती, ज्यांच्यातल्या दांड्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या, पण आम्ही त्या जिवाच्या आकांताने ओढायचो. आणि घोडे होते. पांढरे, चॉकलेटी, एक निळाही. निळा घोडा कुणी कुठे पाहिलाय? पण त्याच्यासाठी मारामारी व्हायची.

बाबा रेल्वेत, इलेक्ट्रिकल खात्यात. त्यांना राईडमध्ये बसण्यापेक्षा ती चालते कशी यात जास्त रस. एकमेकांवर आपटायच्या त्या डॉजम कारच्या कठड्यापाशी ते मला कडेवर घेऊन उभे राहायचे आणि लेक्चर सुरू. “तो मागचा खांब बघ. वर जाळीला टेकलाय ना? आपल्या लोकलचा पेंटोग्राफ वायरला टेकतो, तस्साच. करंट वरून येतो, मोटरमधून जातो आणि खालच्या लोखंडी फरशीतून परत. सर्किट पूर्ण.” जाळीवर निळ्या ठिणग्या उडायच्या, जळका वास यायचा. घोड्यांच्या खालीही त्यांनी वाकून बघितलं होतं. तिथे काहीच नाही म्हटल्यावर वर बघितलं. “सगळी गंमत छपरात आहे. तिथे वाकडे दांडे आहेत, सायकलच्या पॅडलसारखे. ते फिरले की घोडा वर-खाली होतो. म्हणजे घोडा उभा नाहीच मुळी, तो टांगलाय.” सहा वर्षांच्या मुलीला हे सांगायची काही गरज होती का? पण मला ते इतकं आवडलं होतं, की शाळेत मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचे बाबा एस्सेल वर्ल्ड चालवतात!

या सगळ्यात आई कुठे होती? बाकावर.

लहान मुलांच्या भागात एका झाडाखाली सिमेंटचे बाक होते. तिथे आयांचं एक स्वतंत्र राज्यच असायचं. प्रत्येकीच्या मांडीवर एक पर्स, पायाशी दोन पिशव्या, हातात कुणाचं तरी घड्याळ, पदराला गुंडाळलेला कुणाचा तरी चष्मा. वॉटर किंगडम शेजारीच होतं, १९९८ पासूनचं, त्यामुळे काही जणींकडे ओल्या टॉवेलचे बोचकेही असायचे. कुणी गुजराती, कुणी कोकणातली, कुणी थेट नाशिकहून बस करून आलेली. तासाभरात त्यांच्यात ठेपल्यांची आणि चिवड्याची देवाणघेवाण, सासवांची तोंडओळख वगैरे सगळं होऊन जायचं. एक अलिखित नियमही होता. एकीला बाथरूमला जायचं असेल तर शेजारचीला नुसती खूण करायची. “बघते हं मी.” बस्स. ना पावती, ना डिपॉझिट. आजच्या लॉकरवाल्यांनी शिकण्यासारखी सिस्टिम!

राईडवरून मला ती दर फेरीत दिसायची. हा भाग माझ्या डोक्यात अगदी फोटोसारखा आहे. घोडा वर जातोय, खाली येतोय, तिकिटाची खिडकी, आइस्क्रीमची गाडी, कठड्याला टेकलेले बाबा, मग झाड, मग आई. हात हलवणारी आई. मग पुन्हा खिडकी, गाडी, बाबा, झाड, आई. कधीकधी ती शेजारणीशी बोलत असायची आणि तिचं लक्ष नसायचं. ती फेरी फुकट गेली असं मला वाटायचं. मग पुढच्या फेरीला मी आधीपासूनच ओरडत यायचे.

बाबांचा आणखी एक छंद होता, ॲव्हरेज काढायचा. तिथे एकदा गेटवर तिकीट काढलं की आतल्या राईड्स हव्या तितक्या. त्यामुळे तिकिटाची किंमत भागिले राईड्स, असं गणित परतीच्या बोटीत व्हायचं. तुमच्या-माझ्या आजच्या भाषेत आरओआय. माझा आकडा नेहमी झकास. भावाचा बरा. बाबांचा ठीकठाक. “आणि तुझी आई,” बाबा म्हणायचे, “पूर्ण तिकीट, राईड शून्य. आता सांग, शून्याने भागायचं कसं?” आम्ही खो-खो हसायचो. आईही हसायची. “मग पिशव्या कोण सांभाळणार?” असं म्हणून ती खाडीकडे बघत बसायची. हा दर वर्षीचा जोक होता. मला तो फार उशिरा टोचायला लागला.

२००६ची ट्रिप तेवढी वेगळी होती. मी नऊ वर्षांची. झिपर डिपरच्या रांगेपाशी उंची मोजायची पट्टी होती आणि त्या वर्षी माझं डोकं तिच्यावर गेलं. पहिल्यांदाच! भाऊ पाच वर्षांचा, त्याचं डोकं कुठल्या कुठे खाली. त्याने टाचा उंच केल्या, केस फुगवले, शेवटी भोकाड पसरलं. मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी आणि बाबा मोठ्यांच्या रांगेत गेलो, आई त्याला ओढत पुन्हा त्या लहान मुलांच्या भागात घेऊन गेली. जाताना बाबांनी स्वतःचं घड्याळ आणि पाकीटही तिच्याकडे दिलं. रांग मे महिन्यातली, त्यामुळे तास-दीड तास सहज गेला. परत आलो तर आई आपल्या बाकावर, पिशव्या पायाशी, आणि भाऊ तिच्या शेजारी केशरी जीभ बाहेर काढून बसलेला. त्याला ऑरेंज कॅन्डी मिळाली होती आणि मला नाही, म्हणून मग मी भोकाड पसरलं. झिपर डिपरचा सगळा मोठेपणा पाच मिनिटांत खलास.

त्यानंतर मी घोड्यांकडे फिरकले नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला बच्चाकंपनीच्या राईडवर कुणी बघितलं तर? छे! २०१६ मध्ये कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेले, तेव्हा तर आम्ही त्या भागातून शॉर्टकट मारून पुढे पळालो. बाकावर कुणाच्या ना कुणाच्या आया बसलेल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने मला हाक मारून विचारलं, “बेटा, पानी का नल किधर है?” मी हाताने दाखवलं आणि पळाले.

मास कॉम झालं, कामं मिळायला लागली, २०१९ मध्ये एका लेखमालेचे बरे पैसे एकदम हातात आले. आणि तेव्हा, का कोण जाणे, मला तो शून्याचा जोक आठवला. ठरवून टाकलं. आईला न्यायचं. फक्त आईला. पिशवी नाही, पर्स नाही, डबा नाही. तिला एकेका राईडवर बसवायचं आणि बाबांना रीतसर ॲव्हरेज काढून दाखवायचं. ती म्हणाली, “आता काय, गुडघे बघ माझे. मेमध्ये बघू.” तो मे म्हणजे २०२०चा मे. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. मार्चमध्ये सगळ्या जगासोबत तो पार्कही बंद झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली. शेजारचं वॉटर किंगडम सुरू राहिलं. पण मला पाण्याशी काय देणंघेणं? माझे घोडे तिकडे नव्हते.

त्या आठवड्यात प्रत्येकाच्या स्टेटसला एस्सेल वर्ल्ड. मीही एक छोटा लेख पाडला. पाडला हाच शब्द बरोबर, कारण त्यात जिंगल होती, बोट होती, झिपर डिपर होती आणि ‘एका पिढीचं बालपण’ हे शब्द दोनदा होते. आईने तो चष्मा लावून पूर्ण वाचला. “छान लिहिलंयस,” म्हणाली. मग पेपराची घडी घालताना, “घोडे राहिले.” मला वाटलं, चूक काढतेय. म्हटलं, शब्दमर्यादा होती गं.

आता पुन्हा डिसेंबरातल्या त्या पार्ककडे. घरी आले, आईला लॉकरचा किस्सा सांगितला. तिला फार मौज वाटली. “पिशव्यांना भाडं?” आणि मग एकदम, “गोराईला जाऊ या का गं? नुसतं बोटीने. पॅगोडा आतून बघितलाच नाही मी कधी.” बोरिवलीत आयुष्य काढलेल्या बाईने समोरचा पॅगोडा बघितला नव्हता. पुढच्याच मंगळवारी निघालो. फ्रीलान्सिंगचा हा एक फायदा, मंगळवार आपला असतो.

बोटीत तोच वास. तिवरं तीच. आईने पर्समधून गूळ-तूप पोळीची गुंडाळी काढली! मी खाता खाता म्हणून टाकलं, जे दोन वर्षं मनात होतं. “सॉरी गं आई. तुला राईडमध्ये बसवायचं राहूनच गेलं.”

“कशात?”

“एस्सेल वर्ल्डमध्ये. एवढ्या वर्षांत तू एकदाही बसली नाहीस.”

“बसले की,” आई म्हणाली.

मी पोळी खाली ठेवली.

“तू आणि बाबा त्या मोठ्या गाडीच्या रांगेत गेला होतात ना, तेव्हा. हा रडून रडून लाल झालेला. म्हटलं, चल घोड्यावर. तर तो एकटा बसेना. तो शिट्टीवाला म्हणाला, भाभी, आप भी बैठ जाव, बच्चा गिरेगा. बसले. साडीत एका बाजूला पाय सोडून. पांढरा घोडा होता, कान तुटका. आणि मग उतरावंसंच वाटेना. तीन फेऱ्या मारल्या. नाही, चार. शेवटच्या दोन वेळा हा नव्हताच बसला, तो बाकावर होता.”

“आणि पिशव्या?”

“सुरतच्या एक बाई होत्या. त्यांना म्हटलं, बघाल का? बाबांचं पाकीटसुद्धा त्यांच्याकडेच.” आईने इकडेतिकडे पाहिलं, जणू बाबा बोटीतच होते. “अख्खा पगार होता गं त्यात. यांना कळलं असतं तर मला त्या खाडीतच ढकललं असतं.”

“मग हिशेबाच्या वेळी बोलली का नाहीस? दर वर्षी शून्य शून्य करून हसायचो आम्ही!”

“तुम्ही किती हसायचात,” आई म्हणाली. “मला त्याचंच हसू यायचं.”

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो बंगळुरूला असतो, मीटिंगमध्ये होता, तरी उचलला. “आईने २००६ मध्ये घोड्यावर...” एवढंच बोलले. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो हळूच म्हणाला, “तिने स्वतः सांगितलं? की तू काढून घेतलंस? कारण मी शब्द दिला होता. कॅन्डीवर.” पाच वर्षांच्या मुलाने एका कॅन्डीवर एवढी वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं. आणि हा मनुष्य माझा नेटफ्लिक्सचा पासवर्ड आठवडाभर गुप्त ठेवू शकत नाही!

मी मनातल्या मनात भागाकार केला. पूर्ण तिकीट भागिले चार. बाबांच्या त्या दिवसाच्या आकड्याच्या जवळपास गेला असता. फार मागे नाही.

पलीकडचा किनारा जवळ येत होता. उन्हात पॅगोडाचा घुमट सोन्यासारखा चमकत होता आणि बोटीच्या पुढच्या टोकाला दोन शाळकरी पोरं वाऱ्याला तोंड देऊन उभी होती. आई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने खांद्यावरची पर्स काढली, पाण्याची बाटली काढली, चष्मा काढून त्याच्या केसमध्ये ठेवला आणि सगळं माझ्या मांडीवर दिलं.

“धर जरा,” म्हणाली. “आलेच.”